ऑप्टिकल सेन्सर अधिक संवेदनशील करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

सुवर्णवर्ख (धागाकर्ता)

रसायनं आणि जैविक रेणू प्रकाशाच्या मदतीने हुडकणारे सेन्सर हा विषय इथे अधूनमधून निघतो आणि दरवेळी अवांतर म्हणून मागे पडतो. म्हणून हा स्वतंत्र धागा. माझं रोजचं काम सरफेस प्लाझमॉन रेझोनन्सवर, म्हणजे एसपीआरवर चालतं, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो. फ्लुओरेसन्स, रामन, फायबर यांवर काम करणाऱ्यांनी कृपया भर घालावी.

ज्यांना एसपीआर नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. काचेच्या प्रिझमवर साधारण ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर असतो. प्रिझमच्या बाजूने त्यावर ध्रुवीभूत प्रकाश टाकायचा. एका ठरावीक कोनाला परावर्तन जवळजवळ नाहीसं होतं, कारण त्या कोनाला प्रकाशाची ऊर्जा सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या लाटेत जाते. आलेखात तिथे खोल दरी दिसते. सोन्याच्या पलीकडे, द्रवात, या लाटेचं क्षेत्र दोनेकशे नॅनोमीटरपर्यंतच पोचतं. तेवढ्या पट्ट्यात अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्या माध्यमात किती मंदावतो याचं माप, बदलला की दरी सरकते. सोन्यावर प्रतिपिंड बसवून ठेवले आणि त्यांना हवं ते प्रथिन येऊन चिकटलं, की ती सरकलेली दरी आपल्याला बातमी देते. ही मांडणी १९६० च्या दशकाच्या अखेरची, क्रेट्शमान यांच्या नावाने ओळखली जाते. जैविक मापनासाठी ती स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या गटाने १९८३ मध्ये वापरून दाखवली आणि १९९० मध्ये उप्सालाहून बायाकोर हे यंत्र बाजारात आलं.

आता मुद्दा. शोधनिबंधांचे मथळे पाहिले तर बहुतेकांचा भर उतारावर असतो: अपवर्तनांक एवढा बदलला तर दरी किती सरकते. त्यासाठी सोन्याला चांदीची जोड, वर ग्राफीन, मधे सिलिकॉन, असे थरावर थर रचले जातात. उतार वाढतो हे खरं, पण बरेचदा दरीही रुंद होते आणि तिचा तळ नेमका कुठे हे ठरवणं कठीण जातं. वापरणाऱ्याला हवी असते शोधमर्यादा, म्हणजे कमीत कमी किती प्रमाण खात्रीने दिसतं ते. ढोबळमानाने, कोऱ्या नमुन्याच्या गोंगाटाची (आकड्याच्या आपोआप होणाऱ्या चढउताराची) तिप्पट भागिले उतार. उतार दुप्पट झाला आणि गोंगाटही दुप्पट झाला, तर हाती काय लागलं?

एक उदाहरण. सोन्याच्या सलग थराऐवजी सोन्याचे नॅनोकण वापरले तर उतार कितीतरी कमी मिळतो: अपवर्तनांकाच्या एका एककामागे तरंगलांबीची सरक सलग थराला काही हजार नॅनोमीटर, कणांना काही शे. तरीही प्रथिनाच्या पातळ थरासाठी दोघांची कामगिरी बरोबरीच्या आसपास येते. कारण कणांभोवतीचं क्षेत्र दहा-वीस नॅनोमीटरमध्येच विरून जातं. जिथे प्रथिन बसतं तिथेच ते एकवटलेलं असतं, वरच्या पाण्यात काय चाललंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. उताराचा आकडा पाहून यातलं काहीच कळलं नसतं.

आणि आता तापमान. पाण्याचा अपवर्तनांक एका अंश सेल्सिअसला साधारण ०.०००१ ने बदलतो. चांगलं यंत्र ०.०००००१ एवढा फरक सहज पकडतं. म्हणजे तापमान एका अंशाच्या शंभराव्या भागाने हललं, तरी यंत्राला ते प्रथिन चिकटल्यासारखंच दिसतं! फ्लो सेलवर, म्हणजे नमुना जिथून वाहतो त्या कप्प्यावर, आवरण नसेल तर खोलीतल्या एसीचा कॉम्प्रेसर कधी चालू झाला आणि कधी बंद पडला हे बेसलाइनवर वाचता येतं. मंद, गोल चढउतार, घड्याळ लावून पाहावेत असे. नवीन मुलं त्यालाच सिग्नल समजून आनंदतात.

द्रवाचंही तसंच. औषधांचे छोटे रेणू विरघळवायला डीएमएसओ हा द्रावक वापरतात. नमुन्यात आणि बफरमध्ये (कोऱ्या द्रावणात) त्याचा एक टक्क्याचा फरक राहिला तर सिग्नल हजार रेझोनन्स युनिटच्या (एसपीआर यंत्राच्या मोजमापाच्या एककाच्या) वर उडी मारतो. छोटा रेणू खरोखर चिकटल्याचा सिग्नल असतो पाच-दहा युनिटांचा. उसाचा ट्रक काट्यावर आधी भरलेला आणि मग रिकामा तोलतात, तसा इथे शेजारी एक रिकामा चॅनल लागतो: तोच द्रव, तेच तापमान, फक्त प्रतिपिंड नाहीत. दोन्हींची वजाबाकी केली की उरतं ते आपलं.

माझं मत असं की संवेदनशीलता वाढवण्याच्या कामात पहिला पैसा आणि पहिला महिना या वजाबाकीवर, तापमानावर आणि पृष्ठभागाच्या रसायनावर खर्च करावा. नवे थर नंतर. चर्चा व्हावी.

गोलघुमट

धागा आवडला, पण पूर्ण सहमत नाही. गोंगाट कमी करण्यालाही तळ असतो. तिथे पोचलात की प्रकाश आणि रेणू यांची भेट लांबवण्याला पर्याय नाही.

विजापूरच्या गोलघुमटात सज्जाच्या भिंतीला तोंड लावून कुजबुजलं तर समोरच्या टोकाला ऐकू येतं. आवाज भिंतीला धरून पुढे जातो. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये हेच होतं. लॉर्ड रॅले यांनी त्याचं गणित मांडलं आणि सी. व्ही. रामन यांनी सदरलँड यांच्यासोबत १९२१ मध्ये तिथे जाऊन प्रयोग केले. हेच प्रकाशाच्या बाबतीत काचेच्या सूक्ष्म गोळीत घडवता येतं. फायबरचं टोक वितळवलं की पृष्ठताणामुळे आपोआप गुळगुळीत गोळी तयार होते. तिच्या आतल्या कडेने प्रकाश फिरत राहतो.

किती फिरतो? गोळीचा क्यू, म्हणजे प्रकाश आत किती काळ टिकतो याचं माप, १० कोटी धरा. तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, गोळीचा व्यास १०० मायक्रॉन. मग प्रकाश विझण्याआधी सुमारे साडेआठ मीटर चालतो, म्हणजे पंचवीस हजारांहून जास्त फेऱ्या मारतो. बाहेर चिकटलेला एकच विषाणू त्याला प्रत्येक फेरीत भेटतो. फोलमर आणि अर्नोल्ड यांच्या गटाने २००८ मध्ये इन्फ्लुएन्झा ए चा एकेक विषाणू चिकटताना रेझोनन्सची तरंगलांबी पायरीपायरीने सरकते हे दाखवलं. त्या पायऱ्यांचा आलेख ज्याने पाहिलाय त्याला सिग्नल वाढवण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

तरंगलांबी मात्र जपून निवडावी लागते. टेलिकॉमचे १५५० नॅनोमीटरचे लेसर सहज मिळतात म्हणून तेच वापरायचा मोह होतो, पण तिथे पाणी प्रकाश खाऊन टाकतं आणि क्यू कोसळतो. पाण्यात काम करायचं तर दृश्य प्रकाश किंवा त्याच्या जवळपासच राहावं.

सुवर्णवर्ख

गोलघुमट, ही भर फार मोलाची. २००८ च्या त्या पायऱ्यांबद्दल पूर्ण आदर आहे. फक्त गोळीचंही तापमान बदलतंच. काचेचा अपवर्तनांक आणि आकार दोन्ही हलतात, आणि एवढ्या अरुंद रेझोनन्सला ते लगेच जाणवतं. लेसरची स्वतःची तरंगलांबी किती स्थिर आहे हा प्रश्न वेगळाच. क्यू जितका वर न्याल तितकी बाकीची शिस्त कडक लागते. माझं म्हणणं एवढंच की शिस्त आधी यावी.

निफाडचा_बागायतदार

सर, विषय थोडा डोक्यावरून गेला पण शेवटपर्यंत वाचला. माझी द्राक्षाची बाग आहे, माल युरोपला जातो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशावरून कंटेनर अडकले तेव्हा आमच्या भागात काय हाल झाले ते डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून अंश तपासणीची धास्ती मनातून गेली नाही. आता नमुना लॅबला जातो, अहवाल येईपर्यंत जीव टांगणीला, आणि एखादी फवारणी शेजारच्या प्लॉटवरून उडून आली असली तर कळायला मार्ग नाही.

रामनचं हातात धरायचं यंत्र येतं, मण्यावर टेकवलं की अंश दाखवतं, असं एका प्रदर्शनात ऐकलं. खरंच असं होतं का? होत असेल तर आम्ही चार-पाच जण मिळून घ्यायला तयार आहोत.

रसायनी

दादा, मी याच विषयात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पैसे घालण्याआधी हे वाचाच.

रामन परिणाम म्हणजे रेणूवर पडलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून परत येतो, आणि तो बदल प्रत्येक रेणूचा वेगळा असतो. ओळख पटवायला याहून चांगली खूण नाही. अडचण एवढीच की हा प्रकाश अतिशय क्षीण असतो. १९७४ मध्ये साउदॅम्प्टनला फ्लाइशमान, हेन्ड्रा आणि मॅक्विलन यांना चांदीच्या खडबडीत इलेक्ट्रोडवरच्या पिरिडीनचा रामन सिग्नल अनपेक्षितपणे मोठा दिसला. १९७७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं की केवळ जास्त रेणू चिकटले म्हणून हे होत नाही, धातूच सिग्नल वाढवतोय. याचं नाव सरफेस एनहान्स्ड रामन स्कॅटरिंग, म्हणजे सर्स.

धातूच्या दोन कणांमध्ये एक-दोन नॅनोमीटरची फट असली तर तिथलं विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं, आणि रामन सिग्नल त्या वाढीच्या चौथ्या घाताने वाढतो. क्षेत्र १० पट, तर सिग्नल १० हजार पट. १९९७ मध्ये एकेक रेणू दिसल्याचे निबंध आले तेव्हा एकावर चौदा शून्यं इतकी वाढ सांगितली गेली. पुढे काळजीपूर्वक मोजल्यावर ती कमाल हजार कोटी पटीच्या आसपास असावी असं ठरलं, आणि एक रेणू दिसायला त्याहून कितीतरी कमी वाढही पुरते.

पण अशा फटी असतात किती? इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने २००८ मध्ये हे मोजलं. त्यांच्या पृष्ठभागावर दर १० लाख जागांमागे सर्वांत तापलेल्या, म्हणजे सिग्नल सर्वांत जास्त वाढवणाऱ्या, जागा होत्या ६३, आणि एकूण सिग्नलचा २४ टक्के वाटा त्या ६३ जागांचा होता. मला हा आकडा सर्सबद्दलच्या सगळ्या पाठ्यपुस्तकांपेक्षा जास्त शिकवून गेला. तुमचा रेणू नेमका त्या फटीत गेला तर यंत्र ओरडेल, नाही गेला तर गप्प बसेल. एकाच चिपवर दोन ठिकाणी लेसर टेकवला की दोन आकडे येतात ते यामुळे.

शिवाय रेणूला धातूजवळ जाऊन बसावंसं वाटलं पाहिजे. थायरमसारख्या बुरशीनाशकात गंधक आहे, ते चांदीला-सोन्याला घट्ट धरतं. म्हणून प्रात्यक्षिकात बहुतेक वेळा थायरमच दाखवतात, आणि ते खरोखर छान दिसतं. क्लोरमेक्वाटमध्ये गंधक नाही, बेंझिनसारखं कडं नाही. धातूला चिकटायला आणि रामनमध्ये उठून दिसायला दोन्हीकडून ते कमजोर. म्हणजे ज्याची तुम्हाला सर्वांत भीती, तेच या यंत्राला दिसणं सर्वांत कठीण.

आणि मण्यावर मेणाचा थर असतो, आत साखर आणि टार्टरिक आम्ल असतं. हे सगळं त्या मोजक्या फटींसाठी औषधाच्या रेणूशी स्पर्धा करतं. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते, म्हणजे किलोभर द्राक्षात १० मायक्रोग्रॅम. अर्क न काढता, नुसतं टेकवून, प्रत्येक औषधासाठी एवढं खाली खात्रीने जाणारं यंत्र मला माहीत नाही. निर्यातीचा निर्णय आजही एलसी-एमएस/एमएसच्या (रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या लॅबच्या यंत्राच्या) अहवालावरच घ्या. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राकडे अंश तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. काय, कसं आणि किती दिवस आधी तपासावं हे त्यांना विचारा.

हातातल्या यंत्राचा उपयोग मला एकाच ठिकाणी दिसतो: ठरावीक एक-दोन औषधांसाठी, सोप्या अर्कावर, कुठला प्लॉट आधी लॅबला पाठवायचा हे ठरवायला.

निफाडचा_बागायतदार

ताई, इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. विक्रेत्याने थायरमच दाखवलं होतं. तूर्त थांबतो. खूप आभार.

तलावाकाठी

माझं शिक्षण पवईला झालं, त्यामुळे इथे एक गोष्ट नोंदवल्याशिवाय राहवत नाही. संवेदनशीलता वाढवायला दरवेळी महागडं काही लागतं असं नाही. आयआयटी मुंबईत सौम्यो मुखर्जी यांच्या गटाने यू आकारात वाकवलेल्या फायबरवर बरंच काम केलंय. सोन्याचे नॅनोकण बसवलेल्या अशा फायबरवरचा त्यांचा निबंध २००९ चा.

सरळ फायबरचं आवरण काढलं तर आतला प्रकाश भिंतीला चाटून जातो, बाहेर थोडासाच डोकावतो. फायबर वाकवलं की बाहेरच्या कडेला किरण भिंतीला न चाटता जास्त उभे, क्रांतिक कोनाच्या (जिथून प्रकाश बाहेर निसटू लागतो त्या कोनाच्या) जवळ आपटतात आणि बाहेरचं क्षेत्र द्रवात जास्त खोल जातं. कणांवर काही चिकटलं की शोषण बदलतं, आणि ते दुसऱ्या टोकाला फोटोडायोडने मोजायचं. एका टोकाला एलईडी. प्रिझम नको, कोन फिरवायला मोटर नको. वाकवण्याची त्रिज्या मात्र नेमकी साधावी लागते. फार मोठी ठेवली तर फायदा नाही, फार छोटी केली तर प्रकाश वळणावरच सांडतो आणि डिटेक्टरकडे पुरेसा पोचत नाही.

फायबर ज्योतीवर धरून वाकवताना वळण जरासं चपटं झालं तर तो नग बाद. हातात सफाई येईपर्यंत एका नगाचं मोजमाप दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणून मला वाटतं की एकसारखे नग बनवता येणं हाही संवेदनशीलतेचाच भाग धरायला हवा.

सुवर्णवर्ख

तलावाकाठी, शेवटच्या वाक्याला +१००. दोन नगांमधला फरक हा वापरणाऱ्यासाठी गोंगाटच असतो.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आमच्याकडून थोडं.

कोविडमध्ये पुण्याच्या मायलॅबचा घरच्या घरी करायचा अँटिजेन संच मे २०२१ मध्ये मंजूर झाला, तो अनेकांनी वापरला असेल. त्यातली रेघ म्हणजे सुवर्णवर्ख यांनी सांगितलेले नॅनोकणच, आणि डिटेक्टर म्हणजे आपला डोळा. त्याच कंपनीचा आरटी-पीसीआर संच त्याआधी, मार्च २०२० मध्ये आला होता. आरटी-पीसीआरमध्येही शेवटी फ्लुओरेसन्सच मोजतात, म्हणजे तोही ऑप्टिकल सेन्सर. मग दोघांत एवढी तफावत का? कारण पीसीआर प्रकाश वाढवत बसत नाही, रेणूच वाढवतो. दर फेरीला दुप्पट, ३० फेऱ्यांत १०० कोटी पट. त्यानंतर डिटेक्टर साधा असला तरी भागतं. अँटिजेनच्या बाबतीत अडचण ही की प्रथिनाच्या अशा प्रती काढता येत नाहीत.

दुसरी गोष्ट, जी यंत्र बनवणाऱ्यांनी ऐकावी अशी माझी कळकळ आहे. हृदयविकारासाठी रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, तपासतात. जुन्या चाचण्यांत निरोगी माणसाचं ट्रोपोनिन दिसतच नसे, म्हणून दिसलं की धोका असा साधा हिशोब होता. आताच्या अतिसंवेदनशील चाचण्यांची अटच अशी की निदान निम्म्या निरोगी लोकांत ते मोजता आलं पाहिजे, आणि ९९ व्या पर्सेंटाइलच्या सीमेवर (९९ टक्के निरोगी लोक जिच्या खाली येतात तिथे) आकड्यातली चढउतार १० टक्क्यांच्या आत हवी. ट्रोपोनिन टीसाठी ती सीमा लिटरमागे १४ नॅनोग्रॅम धरतात. परिणाम असा झाला की मूत्रपिंडाचा आजार असलेल्या, जुनाट हृदयदौर्बल्य असलेल्या रुग्णांतही आकडा सीमेच्या वर दिसू लागला. मग एका आकड्यावर न थांबता एक ते तीन तासांनी पुन्हा रक्त घेऊन तो चढतोय की स्थिर आहे हे पाहायची पद्धत आली. यामुळे छातीत दुखणाऱ्या कितीतरी लोकांना लवकर घरी पाठवता येतं, हा मोठा फायदा. पण तो पदरात पडला तो डॉक्टरांनी वाचायची रीत बदलली म्हणून.

तेव्हा शोधमर्यादा खाली नेताना त्या पातळीवर निरोगी माणसात काय दिसतं हे मोजून ठेवा. तो तक्ता नसेल तर तुमचा सुंदर सेन्सर आमच्या टेबलावर पडून राहील.

सुवर्णवर्ख

सूक्ष्मदर्शी, तुमच्या १४ नॅनोग्रॅमवरूनच पुढे जातो. रक्तरसात लिटरमागे सत्तरेक ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यात आपल्याला हवं आहे १०-१५ नॅनोग्रॅम. वजनात पाचशे कोटी पटींचा फरक. म्हणजे पृष्ठभागावर भलत्याच प्रथिनांचा अगदी नगण्य भाग चिकटला तरी तो खऱ्या सिग्नलला बुडवतो. बफरमधली शोधमर्यादा आणि रक्तरसातली शोधमर्यादा यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं ते इथे. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) लावून मोकळ्या जागा झाकणं, पॉलिइथिलीन ग्लायकॉलची लव उभी करणं, धन आणि ऋण दोन्ही भार असलेले थर देणं, हे उपाय निबंधात एका ओळीत उरकतात. प्रत्यक्षात सगळी रात्र त्यातच जाते.

आणखी एक अडचण कमी बोलली जाते: रेणू सेन्सरपर्यंत येतच नाहीत. एक फेम्टोमोलर (मोलरचा एकावर पंधरा शून्यं इतकावा भाग) द्रावणाच्या एका मायक्रोलिटर थेंबात रेणू असतात फक्त सहाशे. मध्यम आकाराच्या प्रथिनाला स्थिर पाण्यात नुसतं विसरणाने एक मिलिमीटर अंतर कापायला दोन-तीन तास लागतात. आता सेन्सर नॅनोमीटरच्या मापाचा केलात, तर सहाशेतला एक तरी रेणू त्यावर येऊन कधी आपटणार? शीहान आणि व्हिटमन यांनी २००५ मध्ये हा हिशोब मांडला आणि दाखवलं की चिमुकल्या सेन्सरला फेम्टोमोलरच्या खाली जायचं तर तासन्‌तास, कधी दिवस थांबावं लागेल, डिटेक्टर कितीही उत्तम असला तरी. मला तो निबंध प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावावासा वाटतो.

यावर चांगला तोडगा म्हणजे रेणूंनी सेन्सरकडे यायची वाट न बघता सेन्सरलाच रेणूंकडे पाठवणं. प्रतिपिंड लावलेले लाखो चुंबकीय मणी नमुन्यात ढवळायचे, मग चुंबकाने गोळा करायचे. २०१० मध्ये रिसिन आणि वॉल्ट यांच्या गटाने याच्या पुढची पायरी गाठली: प्रत्येक मणी फेम्टोलिटर आकारमानाच्या स्वतंत्र खळग्यात. खळगा इतका छोटा की पकडलेल्या प्रथिनाला लेबल म्हणून लावलेल्या एकाच एन्झाइम-रेणूने तयार केलेला चमकता पदार्थही तिथे दाटतो आणि दिसतो. मग किती उजेड हे मोजायचंच नाही, किती खळगे उजळले एवढं मोजायचं. फेम्टोमोलरच्याही खाली, खऱ्या रक्तरसात. त्यातला कॅमेरा आणि भिंगं नेहमीचीच होती.

गोलघुमट

हे पटलं. मोजणी करायची तर सिग्नल गोंगाटाच्या किती वर हे एकदाच ठरतं, होय किंवा नाही. बारीकसारीक ड्रिफ्ट, म्हणजे आकड्याचं संथ सरकणं, तिथे आड येत नाही.

एक भर घालतो. लेबल न लावता एकेक प्रथिन मोजण्याचा प्रकार आता रुळलाय. कणाने विखुरलेला प्रकाश त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताने घटतो: कण १० पट छोटा, प्रकाश १० लाख पट कमी. पण त्या विखुरलेल्या लाटेचा काचेवरून परतलेल्या लाटेशी व्यतिकरण (इंटरफिअरन्स) होऊ दिलं, तर सिग्नल तिसऱ्याच घाताने घटतो. १० पट छोट्या कणासाठी हजार पट. ऑक्सफर्डच्या कुकुरा यांच्या गटाने यावरून २०१८ मध्ये एकेका प्रथिनाचं वस्तुमान मोजून दाखवलं. इथे सिग्नल आणि पार्श्वभूमी दोन्ही एकाच लाटेवर स्वार असतात, म्हणून काचेचा खडबडीतपणा आधी टिपून वजा करावाच लागतो. म्हणजे सुवर्णवर्ख यांची वजाबाकी आलीच.

फोटोडायोड

इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचे दोन शब्द. प्रकाश मोजताना फोटॉन मोजता, आणि फोटॉन सुटे सुटे येतात. १० हजार मोजले तर १०० इकडेतिकडे होणारच, म्हणजे एक टक्का. तो ०.१ टक्क्यावर आणायचा तर फोटॉन १०० पट हवेत. प्रकाश वाढवा, वेळ वाढवा किंवा जास्त पिक्सेलची सरासरी घ्या, तिन्हीचं फळ वर्गमुळानेच मिळतं. आणि वेळ वाढवत गेलात की एका टप्प्यानंतर ड्रिफ्ट पुढे येतो, मग सरासरी उलटते.

त्यासाठी एलईडी ठरावीक वारंवारितेने लुकलुकवायची आणि डिटेक्टरमधून फक्त तीच वारंवारिता उचलायची. ट्यूबलाइट, मेन्सचे ५० हर्ट्झ, फोटोडायोडचा अंधारातला प्रवाह, सगळं बाजूला पडतं. आणि एलईडीचा थोडा प्रकाश नमुन्याआधीच दुसऱ्या फोटोडायोडवर वळवून गुणोत्तर घ्या. एलईडी तापली की मंदावते, गुणोत्तरात ते नाहीसं होतं. दुसरा फोटोडायोड फार महाग नसतो, तरी प्रोजेक्टमध्ये तोच गाळला जातो याचं वाईट वाटतं.

एमएस्सी_भाग२

सगळे प्रतिसाद वाचून काढले, वाचनखूण साठवली. मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुधातलं मेलामाइन सोन्याच्या नॅनोकणांनी ओळखायचं, रंग मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोजायचा, असा प्रोजेक्ट घेतलाय. कण सायट्रेटने तयार केले, लालभडक झालेत. मेलामाइन घातलं की निळसर होतात. पण रोज वेगळा आकडा येतो. संवेदनशीलता वाढवायला काय करू? कणांवर दुसरा थर चढवू का?

रसायनी

थर चढवायची घाई नको. मेलामाइन कणांवरचं सायट्रेट बाजूला सारून त्यांना एकमेकांना जोडतं, म्हणून रंग बदलतो. पण नुसतं मीठ जास्त झालं तरी कण असेच एकत्र येतात. दुधातले क्षार, प्रथिनं, चरबी यांचं काय केलंस? ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने प्रथिनं साकळवून, गाळून, सामू परत ठीक करून मगच कण घाल. आणि मेलामाइन नसलेलं दूध त्याच सगळ्या पायऱ्यांतून ने. ते निळं पडतंय का, ते आधी बघ.

फोटोडायोड

कॅमेऱ्याबद्दल. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस तिन्ही लॉक कर, नाहीतर मोबाइल दर फोटोला स्वतःच्या मनाने रंग सुधारतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच असतात, शिवाय त्या प्रकाशाच्या सम प्रमाणात नसतात. रॉ फाइल साठव. डबा आतून काळा कर, प्रकाश एकाच एलईडीचा. आणि प्रत्येक फोटोत नमुन्याशेजारी कोऱ्या कणांची क्युवेट ठेव.

सुवर्णवर्ख

दोघांनी सांगितलंय तेच मीही सांगितलं असतं. लाल आणि निळ्याचं गुणोत्तर काढ, एकट्या रंगाचा आकडा घेऊ नकोस. कोऱ्या क्युवेटचं गुणोत्तरही त्याच फोटोतून काढून त्याने भाग दे. कणांची प्रत्येक नवी खेप स्पेक्ट्रोमीटरवर बघ. शोषणाचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास नसेल किंवा रुंद झालं असेल तर ती खेप वापरू नकोस.

मग मेलामाइनला हातच लावू नकोस. मेलामाइन नसलेल्या दुधाचे वीस नमुने, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, सगळ्या पायऱ्या नव्याने करून मोज. त्या वीस आकड्यांतलं प्रमाण विचलन हाती आलं की कुठे गळती आहे ते दिसेल: एकाच दिवसातले आकडे जुळतात आणि दिवसागणिक हलतात, की एकाच दिवसातही विखुरलेले आहेत. पहिलं असेल तर कण आणि आम्लाची पायरी तपासायची, दुसरं असेल तर कॅमेरा आणि पिपेट. आकडे आणि एक-दोन रॉ फोटो इथेच टाक, फोटोडायोड आणि रसायनीताई बघतीलच.